विश्लेषण : भर पावसात गोव्याच्या ऑफ-रोड मेळ्याला निघताय? खरी परीक्षा वाटेवरच का असते?

जुलै लागला की पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या जीपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा गोव्याला कोण कोण येतंय? निमित्त असते ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’चे. भर पावसात, गुडघाभर चिखलात रंगणारी ही ऑफ-रोड स्पर्धा पाहायला जाणारे आता केवळ स्पर्धकांचे मित्र राहिलेले नाहीत. नवी थार, गुरखा किंवा जिम्नी घेतलेली कुटुंबेही निघतात. त्यांची तयारी बहुतेकदा विंच, स्नॉर्केल आणि छतावरचे दिवे यांपासून सुरू होते. ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून आहे. मैदानावर तुम्ही प्रेक्षक असता, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असते. पुण्याहून जाऊन-येऊन सुमारे ९०० किलोमीटरच्या पावसाळी रस्त्यावर मात्र ते तुमच्या हातात असते. आराखडा आखायचा तो त्या ९०० किलोमीटरचा.

रेनफॉरेस्ट चॅलेंज म्हणजे काय?

या स्पर्धेचे मूळ मलेशियात आहे. तिथे ती १९९७ मध्ये सुरू झाली, तीही मुद्दाम पावसाळ्यात. भारतातील आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि तिच्यासाठी गोवा निवडला गेला. सह्याद्रीचा उतार, लाल माती, दाट झाडी आणि जुलै-ऑगस्टचा पाऊस हे सगळे एकाच ठिकाणी आणखी कुठे मिळणार?

हायवेवरचा वेग इथे कामाचा नाही. ओढा, खड्डा, उभा चढ, चिखलाचा डोह असे टप्पे ठरलेल्या वेळेत पार करायचे असतात. गाडीत दोघे असतात, चालक आणि सहचालक. प्रेक्षकांचे डोळे चालकावर असले तरी घाम गाळतो तो सहचालक. चिखलात उडी मारून विंचची दोरी ओढत न्यायची, झाडाच्या बुंध्याला इजा होऊ नये म्हणून रुंद पट्टा गुंडाळून तिथे अडकवायची आणि गाडी वर येईपर्यंत बाजूला उभे राहून इशारे करायचे, हे त्याचे काम. भारतातील विजेत्याला मलेशियातील मुख्य स्पर्धेत उतरण्याची संधी मिळते.

दरवर्षीच्या तारखा आणि मैदाने आयोजकांकडूनच विचारून घ्यावीत. ग्रुपवर फिरणारे पोस्टर कधी गेल्या वर्षीचे निघते.

धोका मैदानात जास्त की वाटेवर?

मैदानात उलटणारी गाडी पाहून छातीत धस्स होते, पण त्या गाडीला रोलकेज असतो, आत बसलेल्यांच्या डोक्यावर हेल्मेट असते, वेग चालण्याएवढा असतो आणि मदतीला माणसे उभी असतात. घाटात यातले काहीच नसते. समोरून येणारा ट्रक धुक्यात वीस पावलांवर दिसतो, कठड्याचा दगड पडलेला असतो आणि फोनला रेंज नसते.

मुंबई-गोवा महामार्गावर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री काय झाले ते आठवावे. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह वाहने नदीत गेली. त्या बसचालकांनी कोणताही बेदरकारपणा केलेला नव्हता. रोजचा रस्ता होता, रोजची वेळ होती. अंधारात पूल नाही हे दिसले नाही, एवढेच. नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. पण पावसाळी प्रवासात उजेडाची किंमत काय असते, हे समजण्यासाठी कोकणाने मोठे मोल दिले आहे. त्यामुळे या सहलीचा पहिला नियम गाडीचा नाही, घड्याळाचा आहे. अंधार पडल्यावर घाटात किंवा नदीकाठच्या रस्त्यावर गाडी नको.

पावसाळ्यात अंधाराचा आणखी एक त्रास आहे, तो शहरी माणसाच्या लक्षात येत नाही. शेत ओले, गोठ्याबाहेर चिखल, म्हणून गुरे संध्याकाळनंतर कोरड्या, उबदार डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस, काळा रस्ता आणि समोरच्या गाडीचा प्रखर दिवा. छतावर कितीही एलईडी लावले तरी ही म्हैस वेळेत दिसेलच असे नाही.

कोणता रस्ता निवडावा?

पुण्याहून गोव्याला जायचे चार-पाच मार्ग आहेत आणि प्रत्येकाचे भक्त आहेत. पावसाळ्यापुरते बोलायचे तर माझी निवड आंबोलीची. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, कागलवरून निपाणी, तिथून उत्तूरमार्गे आजरा, मग आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीला गोव्याची हद्द. अंतर सुमारे ४५० किलोमीटर. यात खरा घाट एकच, शेवटचा, आणि त्याच्या डोक्यावर मुक्कामाची सोय आहे. आराखड्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. थकलेल्या अवस्थेत घाट उतरावा लागत नाही.

सृष्टिसौंदर्याच्या बाबतीतही हा मार्ग कुणाला हार जाणारा नाही. निपाणी सोडली की हायवेचा गोंगाट मागे पडतो. उसाची जागा हळूहळू भात घेते. जुलैत आजरा तालुक्यात रोपलावणी सुरू असते. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद, बांधावर बगळे. याच तालुक्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. येताना पाच-दहा किलो घेतल्यास सहलीचा चविष्ट पुरावा घरी येतो. मात्र लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल रस्त्यावर येतो. पहिल्या सरीनंतर तो साबणासारखा होतो. वळणावर असा लाल पट्टा दिसला की ब्रेक आधी दाबावा, पट्ट्यावर दाबू नये.

आंबोली हे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. वर्षाला सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६९० मीटर. हिरण्यकेशी नदी इथेच उगम पावते, आणि त्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशामुळे २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. मुख्य धबधबा अगदी रस्त्याला लागून आहे. तीच त्याची अडचणही आहे. शनिवार-रविवारी दुपारी इथे गाड्यांची दुहेरी रांग, रस्त्यात नाचणारे घोळके आणि मक्याचे कणीस विकणारे, अशी परिस्थिती असते. सकाळी आठच्या आत हा टप्पा ओलांडला तर धबधबाही आपला आणि रस्ताही.

बेळगावमार्गे चोर्ला घाट अनेकांना जास्त आवडतो. जंगल गर्द आहे हे खरे, आणि वाटेत कणकुंबीला मलप्रभेचा उगमही पाहता येतो. पण जांबोटी-कणकुंबी भागातील रस्त्याची पावसाळ्यातली अवस्था हा बेळगावकरांच्या तक्रारींचा कायमचा विषय आहे. जाण्याआधी दोन दिवस तिथून गेलेल्या माणसाला विचारावे. अनमोड घाट मोलेच्या अभयारण्यातून जातो. तो रुंद, पण अवजड वाहनांचा. तिलारी घाटाचा उतार इतका उभा आणि वळणे इतकी अरुंद आहेत की पावसात नवख्या चालकाने त्या वाटेला जाऊच नये. आणि नेमका हाच रस्ता फोनवरचा नकाशा ‘जवळचा’ म्हणून सुचवू शकतो. नकाशाला अंतर कळते, वाहतुकीचा वेग कळतो. उतार, शेवाळ आणि खचलेली साइडपट्टी कळत नाही.

राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाट हा रस्ता मात्र वेगळ्याच कारणासाठी सुचवावासा वाटतो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे ऐन पावसाळ्यात उघडतात. पाणी ठरावीक पातळीला आले की दरवाजा आपोआप वर होतो, वीज लागत नाही. ज्यांना यंत्रांची आवड आहे आणि ज्यांच्याकडे एक दिवस जादा आहे, त्यांनी हे जरूर पाहावे. पुढे अभयारण्य आहे, गवे रस्त्यावर येतात.

मुंबईकरांसाठी पनवेल, महाड, चिपळूण, कणकवली हा राष्ट्रीय महामार्ग ६६ हाच सरळ मार्ग. त्याच्या रखडलेल्या चौपदरीकरणावर आता विनोदही शिळे झालेत. बराच भाग सुधारला आहे, पण चांगला काँक्रीटचा पट्टा संपून अचानक वळणरस्ता सुरू होतो. तो संपायच्या जागी दिवसा येणे चांगले. दिघी, दाभोळ, जयगडच्या फेरीबोटींतून जाणारा सागरी मार्ग हा हिवाळ्यातला आनंद आहे. पावसाळ्यात खवळलेल्या हवेत फेरी बंद राहिली की खाडीच्या अलीकडे ताटकळावे लागते.

एका दिवसात का नको?

‘पहाटे तीनला निघालो आणि दुपारी बाराला पणजी’ हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी फुशारकीने लिहितो. कोरड्या डिसेंबरात ते जमेलही. जुलैत नको. पहाटे तीनला निघालेला माणूस सात-आठ तासांनी, म्हणजे पेंगुळलेल्या अवस्थेत, नेमका धुक्यातला घाट उतरतो. त्यापेक्षा सकाळी सहाला निघावे. साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे चहा-नाश्ता, अकराच्या सुमारास कोल्हापूर, तिथे मिसळ की तांबडा-पांढरा हा वाद गाडीतच मिटवून जेवण आणि चारच्या आत आजरा किंवा आंबोली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घाट उतरून सावंतवाडी, आणि दुपारी गोवा. सावंतवाडीत लाकडी खेळण्यांच्या दुकानांपुढे थांबायला तासभर ठेवावा. मुले बरोबर असतील तर दोन तास.

यात एक रात्र जास्त जाते, हे मान्य. खोलीचे दीड-दोन हजार रुपये आणि एक दिवसाची रजा. त्यासमोर इंधनाचा हिशेब ठेवून पाहा. गोव्यातले फिरणे धरून १,०५० किलोमीटर आणि लिटरला ११ किलोमीटरचा सरासरी हिशेब धरला तर ९५ लिटरच्या वर इंधन लागते. आठ-नऊ हजारांचे इंधन जाळणाऱ्याने झोपेत काटकसर करावी, हे गणित पटत नाही.

‘जायचे नाही’ हा निर्णय कधी घ्यावा?

बहुतेक आराखड्यांत हा रकानाच नसतो. बुकिंग झाले, रजा टाकली, मुलांना सांगितले; मग आकाश फाटले तरी निघायचे. खरे तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी पाहाव्यात आणि त्यावर निर्णय सोडावा.

पहिली, हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा. सातारा आणि कोल्हापूरसाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो, तो पाहावा. शहरात ऊन असते तेव्हा घाटात लाल इशारा असू शकतो. सिंधुदुर्ग किंवा घाटमाथ्याला लाल इशारा असेल तर प्रवास पुढे ढकलावा, यात चर्चा नको. दुसरी, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या पुढे गेली आणि पुणे-बेंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैतही महामार्गावर पाणी आले. चौपदरी राष्ट्रीय महामार्ग आहे, तो कसा बंद पडेल, हा समज या दोन पुरांनी धुऊन काढला. त्यामुळे पातळी ३९ च्या पुढे चढती असेल तर कोल्हापूरच्या पलीकडे जाणे म्हणजे परतीचा दरवाजा बंद होण्याची जोखीम घेणे. तिसरी, घाटाची त्या दिवशीची अवस्था. ही कोणत्याही ॲपपेक्षा आंबोलीतल्या हॉटेलमालकाला फोन केल्यावर नीट कळते.

फोनमध्ये ‘मौसम’ आणि ‘सचेत’ ही सरकारी ॲप असावीत. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि कुठल्याही आणीबाणीला ११२. मुक्काम शक्यतो असा घ्यावा की रद्द केल्यास पैसे परत मिळतील. थोडा महाग पडला तरी तो स्वस्तच असतो, कारण मग निर्णय घेताना खोलीचे पैसे डोळ्यांसमोर नाचत नाहीत.

गाडी फोर बाय फोर आहे, मग भीती कसली?

भीती नेमकी याच वाक्याची आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चिखलातून बाहेर निघते. पण थांबण्याच्या बाबतीत ती कोणत्याही हॅचबॅकसारखीच, किंबहुना वजनामुळे थोडी उशिराच थांबते. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. शिवाय २०२३ पासून थार मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे ‘त्याची गेली, मग माझीही जाईल’ हा हिशेब चुकू शकतो.

थार, जिम्नी किंवा गुरखा यांच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांशी जखडला जातो. चिखलात हे उपयोगी. डांबरावर वळताना मात्र पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि जखडलेली यंत्रणा ते होऊ देत नाही. परिणामी ताण गिअरबॉक्सवर येतो, गाडी वळायला नकार दिल्यासारखी वागते. म्हणून ओल्या का असेना, पक्क्या रस्त्यावर टू-व्हील ड्राइव्हच. घाट उतरताना कमी गिअरमध्ये राहावे. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ते तापून नरम पडतात. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची आपल्याकडची सवय तर सोडलीच पाहिजे. मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळता आहात, हेच कळत नाही. हेडलाइट लो-बीमवर आणि फॉग लॅम्प, एवढे पुरते.

टायरचे तर उलटेच आहे. मोठ्या खाचांचे ‘मड टेरेन’ टायर चिखलात राजे असतात, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड साध्या टायरपेक्षा कमी पडते. ज्यांना स्पर्धेत उतरायचे नाही त्यांनी त्यावर खर्च करू नये. टायरवरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. पावसाळी घाटासाठी ३ मिलिमीटरच्या खाली आल्यावर टायर बदललेला बरा. खरेदीची हौसच असेल तर विंचऐवजी सिगारेट लायटरवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर घ्या. मैदानाजवळच्या कच्च्या रस्त्यासाठी हवा कमी केली तर डांबरावर येण्याआधी ती पुन्हा भरावी लागते, आणि हे काम विंच करत नाही.

आता पाण्याचे. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते. हा आकडा तोंडपाठ असलेले बरेच भेटतात. तो उभ्या पाण्यासाठी आणि अगदी हळू जाण्यासाठी आहे, हे सांगणारे कमी. वाहते पाणी गाडीला कुशीवर ढकलते. फूटभर वेगाच्या पाण्यात लहान गाडी सरकू लागते आणि दोन फुटांत एसयूव्हीही वाहून जाऊ शकते. उंच गाडीला धक्का बसायला बाजूही मोठी मिळते. शिवाय खालचा रस्ता शाबूत आहे की नाही, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर गाडी कोणतीही असो, उतरेपर्यंत थांबायचे. एसटीचा चालक थांबला असेल तर आपणही थांबावे, हा कोकणातला जुना आणि खात्रीचा संकेत आहे.

विम्याचेही पाहून घ्यावे. इंजिनात पाणी ओढले जाऊन ते बसले तर साध्या पॉलिसीत त्याची भरपाई सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते. शर्यत किंवा वेग-चाचणीसाठी झालेला वापर तर पॉलिसीच्या बाहेरच असतो.

वाटेतल्या सड्यावर गाडी घातली तर बिघडते काय?

या सहलींतला सर्वांत वादाचा मुद्दा हा आहे. मेळ्याला निघालेल्या ताफ्याला वाटेतच हात साफ करायचा मोह होतो. आंबोली, चौकुळ, राजापूर, मालवणच्या भागात मैलोनमैल उघडे कातळसडे दिसतात. झाड नाही, पीक नाही, कुंपण नाही. शहरी नजरेला ती पडीक जागा वाटते. चार गाड्या आत घुसतात, ड्रोन उडतो, रील तयार होते.

तो सडा पडीक नाही. जांभ्या दगडाच्या त्या पठारावर वर्षातले आठ महिने काही दिसत नाही, कारण तिथले जीवन पावसाच्या चार महिन्यांत उरकलेले असते. आंबोली टोड हा बेडूकवर्गीय प्राणी जगात आंबोली परिसराबाहेर आढळलेला नाही. २००९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. तो अंडी घालतो ती सुरुवातीच्या पावसात कातळावर साचणाऱ्या बोटभर खोलीच्या डबक्यांत. ज्या डबक्यातून गाडी नेल्यावर दोन्ही बाजूंना पाण्याचे सुंदर पंखे उडतात, तेच ते डबके. याच सड्यांवर ‘सीतेची आसवे’सारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. त्यांच्या मुळांखाली मातीचा थर बोटभरही नसतो. एकदा टायरने तो खरवडला की खालचा दगड उघडा पडतो, आणि दगडावर माती पुढच्या वर्षी येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या पूर्वजांची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे कोरलेली आहेत. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी, कुडोपी ही त्यातली गाजलेली नावे, आणि गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठची पणसायमळची शिल्पे. ही मालिका २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काही शिल्पांना कुंपण आहे, अनेकांना नाही. पावसात त्यांच्या रेषांवर पाणी आणि शेवाळ असते. पायी चालणाऱ्यालाही ती चटकन दिसत नाहीत, बॉनेटच्या आडून तर नाहीतच.

यावर जीपवाल्यांचा एक युक्तिवाद असतो आणि तो सरसकट झटकून टाकण्यासारखा नाही. चिरेखाणी अख्खे सडे कापून नेतात, गोव्यात खाणींनी डोंगर पोखरले, आणि आमच्या चार टायरच्या खुणांवर मात्र बातम्या होतात, असे ते म्हणतात. विषमता आहे, हे खरेच. पण खाण चालवणाऱ्याचे पोट, परवाना आणि कोर्टकज्जे त्या खाणीशी जोडलेले असतात; आपण तिथे निव्वळ मौजेसाठी जातो. मौज हलवता येते. पुणे-लोणावळा भागात ऑफ-रोडसाठी आखलेले खासगी ट्रॅक आहेत, तिथे शिकवणारेही असतात. सोडून दिलेल्या दगडखाणी अशा ट्रॅकसाठी भाड्याने देण्याचा विचार जिल्हा प्रशासनांनी करावा, असे मला वाटते. ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळेल आणि ‘मग आम्ही जायचे कुठे’ या प्रश्नाला उत्तरही. केवळ दंड करून ही हौस थांबणार नाही.

या मंडळींच्या हाती केवळ हौस आहे असेही नाही. केरळमध्ये २०१८ च्या महापुरात ऑफ-रोड क्लबच्या जीपगाड्या मदतकार्यात उतरल्या होत्या आणि इतर वाहने पोहोचत नव्हती अशा ठिकाणांहून माणसे बाहेर काढली होती. ते जमले ते शिस्तीमुळे : किती पाण्यात जायचे, कुठे थांबायचे, कोण पुढे, कोण मागे. तीच शिस्त सहलीतही दिसावी. अभयारण्यातील रस्ता सोडून विनापरवाना आत गाडी घालणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई आहे. वाळूत रुतलेली आणि भरतीने गिळलेली एसयूव्ही ही आता दर मोसमातली बातमी झाली आहे. दरवेळी ट्रॅक्टर घेऊन धावतो तो मात्र गावातलाच कुणीतरी.

मैदानावर पोहोचल्यावर...

एका ताफ्यात पाचपेक्षा जास्त गाड्या नसाव्यात. वाडीच्या अरुंद रस्त्यावर दहा गाड्यांची रांग म्हणजे गावाला वेठीला धरणे. गाडी आयोजक सांगतील तिथेच लावावी, कुणाच्या भाताच्या बांधावर नाही. विंचची दोरी ताणलेली असेल तेव्हा तिच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभे राहावे. दोरी किंवा अडकवलेली कडी तुटली तर ती कुठल्या दिशेने येईल याचा नेम नसतो. फोटोसाठी पुढे सरकणाऱ्या मुलांना मागे ओढायचे काम मार्शलवर सोडू नये.

गमबूट, जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूचे पाणी आणि कपड्यांचे दोन जादा जोड असावेत. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. कोकण-गोव्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात आणि त्याचे जंतू अशाच पाण्यातून शिरतात. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना चिखलात गेल्याचे आठवणीने सांगावे.

परतीला रविवार संध्याकाळ टाळून सोमवारची सकाळ धरावी. आंबोलीची गर्दी ओसरलेली असते. इंधन गोव्यातच भरून घ्यावे, महाराष्ट्रापेक्षा सहसा स्वस्त पडते. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे, हे डिकीत बाटल्या भरणाऱ्यांनी विसरू नये. आणि निघण्याआधी एखाद्या सर्व्हिसिंग सेंटरवर पैसे गेले तरी चालतील, पण गाडी खालून धुऊन घ्यावी. रेडिएटर, चाकांची आतली बाजू, ब्रेकच्या डिस्क. पॅड आणि डिस्कच्या मध्ये वाळलेला लाल चिखल घाट चढताना जाणवत नाही. तो जाणवतो थेट खंबाटकीच्या उतारावर.